खेळलेल्या स्टिका आणि त्यांचे दाखले

महाराष्ट्राला संग्राहकांची परंपरा नवी नाही. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी, म्हणजे कवी 'अज्ञातवासीं'नी, अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांचे संग्रहालय उभे केले. खेळाच्या क्षेत्रात पुण्याच्याच रोहन पाटे यांनी क्रिकेटपटूंच्या बॅटी, चेंडू, जर्सी जमवून 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे संग्रहालय थाटले. २०१२ साली सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ज्या खेळात भारताने ऑलिंपिकची आठ सुवर्णपदके मिळवली, त्या हॉकीची स्टिक मात्र बहुतेक ठिकाणी माळ्यावर, दाराच्या मागे किंवा सरपणात गेली.

गेली वीस-बावीस वर्षे मी माजी खेळाडूंनी सामन्यात वापरलेल्या हॉकी स्टिका जमवतो आहे. राहतो जऊळक्याला. वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरचे हे गाव. इथे हॉकीचे मैदान नाही. या विषयाचे रीतसर शिक्षणही मला मिळालेले नाही. जे कळले ते स्टिका हाताळून, सुतारांना विचारून, नियमांची पुस्तके चाळून आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्या खेळाडूंसमोर तासन्‌तास बसून. चाळीसेक स्टिका आज माझ्याकडे आहेत. त्यांतल्या निम्म्यांविषयीच 'ही अमक्याने अमक्या काळात खेळली' असे मी खात्रीने म्हणू शकतो. असे खात्रीने म्हणायला काय लागते, ते या लेखात मांडतो.

'खेळलेली' म्हणजे काय

जुन्या स्टिका तीन प्रकारच्या असतात आणि बाजारात त्या सर्रास एकमेकींच्या नावावर खपतात. पहिली, खेळाडूने सही करून भेट दिलेली. तिला नाव असते, पण मैदान तिने पाहिलेले असेलच असे नाही. दुसरी, संघाने किंवा खात्याने खेळाडूच्या नावे दिलेली, पण राखीव म्हणून पिशवीतच राहिलेली. तिसरी, प्रत्यक्ष सामन्यात खेळलेली. संग्राहकाच्या दृष्टीने खरी किंमत तिसरीची, आणि सिद्ध करायला सर्वांत अवघडही तीच.

उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीची याबाबत बरीच सोय आहे. तिथल्या 'नॅशनल हॉकी लीग'मधल्या खेळाडूच्या स्टिकेवर कारखान्यातूनच त्याचे नाव छापून येते आणि वापरून झालेल्या स्टिका संघ स्वतः विकतात. पात्याला आणि मुठीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळण्याची प्रत्येकाची रीत वेगळी असते. जुन्या सामन्याच्या स्वच्छ छायाचित्रातला एखादा ओरखडा हातातल्या स्टिकेवर शोधून दोन्ही जुळवण्याचे तंत्रही तिकडे रुळले आहे.

आपल्याकडे व्यावसायिक खेळाडू हा शब्दच उशिरा आला. २००५ मध्ये प्रीमियर हॉकी लीग आणि २०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग सुरू झाली. त्याआधी खेळावर पोट भरणारा खेळाडू म्हणजे रेल्वे, पोलीस, लष्कर, विमान कंपनी किंवा एखाद्या कारखान्यात नोकरीला लागलेला खेळाडू. तो पगार खात्याचा घ्यायचा आणि खात्याच्या संघातून मुंबईचा आगाखान चषक, कोलकात्याचा बेटन चषक अशा स्पर्धा खेळायचा. त्यामुळे आपल्या स्टिका लिलावगृहात सापडत नाहीत. त्या रेल्वे क्वार्टरमध्ये, पोलीस लाइनीत, निवृत्तीनंतर बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात सापडतात.

स्टिक वाचायची कशी

स्टिक हातात आली की आधी लाकूड पाहावे. जुन्या इंग्रजी स्टिका अ‍ॅश नावाच्या लाकडाच्या असत. ते फार वळत नाही, म्हणून त्यांचे नाक लांब. आपल्याकडे तुती वापरली गेली. आपले शेतकरी रेशीम-किड्यांसाठी जी लावतात तीच तुती. आपल्या शेतात पाल्यासाठी तिची सतत छाटणी होते, त्यामुळे खोड धरायला तिला उसंत मिळत नाही. उत्तरेत तिचे झाड वाढू देतात. तुतीचे लाकूड चिवट असते आणि वाफ देऊन घट्ट वळवता येते. त्यातून आखूड नाकाची स्टिक तयार झाली. चेंडू झटकन उलट-सुलट बाजूला घेण्याची जी भारतीय पद्धत जगाने पाहिली, तिला हे आखूड नाक मानवणारे होते. कारागिरीचे मूळ केंद्र सियालकोट. १९४७ च्या फाळणीत तिथले अनेक कारागीर जालंधरला आणि मेरठला आले. म्हणून शिक्क्यावरचे गावाचे नाव दिसत असेल तर तोही काळाचा एक पुरावा असतो.

मूठ वेताची असते. वेताच्या पट्ट्यांमध्ये रबर घालून, पाचरीसारखा सांधा करून ती तुतीच्या डोक्यात बसवतात. जुन्या स्टिकांत हा सांधा सरसाने चिकटवलेला असे. पुढे डोक्यावर फायबरग्लासचे वेष्टन आले, आणि १९९० च्या दशकात कार्बन व फायबरच्या स्टिकांना परवानगी मिळाली. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठे सामने कृत्रिम मैदानावर गेले होते. तिथे चेंडू वेगाने येतो आणि स्टिकेला जास्त मार बसतो, म्हणून लाकूड मागे पडले. अलीकडची स्टिक असेल तर दांड्याचा बाक मोजावा. २००६ पासून तो २५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

नंतर झीज पाहावी. हॉकीत डावखुरी स्टिक नसते. डाव्या अंगाची सपाट बाजूच चेंडूला लावायची, गोल बाजू लागली की फाऊल. त्यामुळे खऱ्या खेळलेल्या स्टिकेचा सपाट भाग ठोके खाऊन रंग उडालेला असतो आणि गोल बाजू त्या मानाने राखलेली असते. दोन्ही बाजू सारख्याच खरवडलेल्या असतील तर ती स्टिक पोरांनी अंगणात बडवलेली आहे किंवा कुणी मुद्दाम जुनी केली आहे असे समजावे. फॉरवर्डच्या स्टिकेचे नाक घासते, कारण चेंडू उलटा घेताना नाक जमिनीकडे वळते. बचावातल्या खेळाडूच्या स्टिकेला वाकाच्या मधोमध जोरदार फटक्यांचे खळगे दिसतात. ड्रॅगफ्लिक मारणाऱ्याचा चेंडू दांड्यावरून घरंगळत जातो, म्हणून त्याच्या दांड्यावर वर सरकत गेलेले पट्टे उमटतात. मातीच्या मैदानाची झीज मऊ आणि मळकट असते. कृत्रिम मैदानाची खरकागद फिरवल्यासारखी.

मुठीवर डावा हात सर्वांत वर असतो आणि तो बहुधा जागा सोडत नाही. तिथला घामाचा काळा डाग गडद. उजवा हात खाली-वर होतो, म्हणून त्याचा डाग फिका आणि लांब. या डागांच्या अंतरावरून खेळाडू किती वाकून खेळत असेल याचाही थोडा अंदाज येतो. मुठीच्या टोकावर बॉलपेनने, खिळ्याने किंवा तापवलेल्या तारेने केलेल्या खुणा असतात. नावाची दोन अक्षरे, खात्याचा क्रमांक, कधी नुसता स्वस्तिक.

एक साधी कसोटी मी नेहमी वापरतो. नियमानुसार कोणतीही स्टिक, तिच्यावरच्या सगळ्या गुंडाळण्यांसकट, दोन इंचांच्या म्हणजे ५१ मिलिमीटरच्या कड्यातून आरपार गेली पाहिजे. असे लोखंडी कडे मी गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून करून घेतले आहे. खूप पट्ट्या बांधलेली स्टिक त्यातून गेली नाही, तर निदान त्या अवस्थेत ती नियमाने झालेल्या सामन्यात उतरलेली नाही. ती सरावाची, किंवा खेळाडूच्या धाकट्या भावाची.

स्टिका उरल्या का नाहीत

आपल्या लोकांना जतनाची किंमत नाही, असे म्हणून हा प्रश्न झटकन मिटवता येतो. पण माझ्या पाहण्यात मोठे कारण वेगळे आहे. आपल्याकडे स्टिक संपेपर्यंत वापरली जाते. लाकडी स्टिक मोडायचीच. मोठ्या खेळाडूची मोडलेली स्टिक क्लबच्या धाकट्याकडे जायची. तो तिला सुतळी किंवा चिकटपट्टी बांधून वर्षभर ओढायचा. मग ती गल्लीतल्या पोराकडे, आणि शेवटी चुलीत.

याचे सर्वांत ठळक मराठी मुलखातले उदाहरण म्हणजे खडकी. १६ जुलै १९६८ रोजी जन्मलेले धनराज पिल्ले खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत वाढले. वडील तिथे मैदानाची देखभाल करत. भावांबरोबर आणि मित्रांबरोबर धनराज तिथल्या धुळीत मोडक्या स्टिकांनी आणि टाकून दिलेल्या चेंडूंनी खेळायला शिकले. पुढे ते चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळले आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताला सुवर्ण मिळाले. त्या मोडक्या स्टिका कुणाकुणाच्या होत्या? ज्यांच्या हातून त्या उतरल्या, त्यांचेही भारतीय हॉकीत थोडे देणे आहे. पण त्या स्टिका उरल्या असत्या तर धनराजना खेळायला मिळाल्या नसत्या. काटकसरीने खेळाडू घडवले आणि त्याच काटकसरीने पुरावे संपवले. म्हणून जुन्या खेळाडूकडे स्टिक नाही म्हणून मी कधी हळहळत नाही. असली तर का उरली, ते मात्र विचारतो.

दुसरे कारण अधिक कडू आहे. बलबीर सिंग सीनियर हे १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणाऱ्या संघांत होते. १९५२ च्या हेलसिंकी अंतिम सामन्यात भारताच्या सहा गोलांपैकी पाच त्यांचे. १९८५ मध्ये त्यांनी आपली ३६ पदके, शंभरावर छायाचित्रे आणि मेलबर्न ऑलिंपिकचा ब्लेझर नियोजित क्रीडा संग्रहालयासाठी भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे विश्वासाने सोपवला. २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या निमित्ताने या वस्तू प्रदर्शनासाठी हव्या होत्या, तेव्हा त्या सापडत नाहीत असे उघड झाले. पुढची आठ वर्षे बलबीर आणि त्यांचे कुटुंब त्यांचा पाठपुरावा करत राहिले. मे २०२० मध्ये ते गेले, तोवर वस्तू परत मिळाल्या नव्हत्या. एवढ्या मोठ्या खेळाडूची ही गत, तर रेल्वेच्या संघातल्या फुलबॅकचे काय, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

दाखला

बलबीरांच्या प्रकरणातून संग्राहकाने घ्यायचा धडा हा की वस्तू देताना-घेताना कागद हवा. काय दिले, कोणी दिले, कोणी घेतले, कधी, कोणत्या अवस्थेत. याला मी 'दाखला' म्हणतो. जन्माच्या दाखल्यावाचून जसे माणसाचे अडते, तसे स्टिकेचेही अडते.

दाखला नसताना लाकूड स्वतःविषयी किती सांगू शकते, याचे उत्तम उदाहरण कॅनडात आहे. नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या नॉर्थ सिडनी गावी एका केशकर्तनालयाच्या भिंतीवर एक जुनी स्टिक टांगलेली होती. एका माणसाने ती हजार डॉलरना घेतली. तिच्यावर दोन अक्षरे कोरलेली होती. त्याने त्या अक्षरांवरून मॉफट नावाच्या कुटुंबाचा माग काढला, आणि विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी लाकडाच्या वर्षवलयांवरून तिचा काळ १८३० च्या दशकातला ठरवला. २०१५ मध्ये कॅनडाच्या इतिहास संग्रहालयाने ती तीन लाख डॉलरना विकत घेतली. हजाराचे तीन लाख झाले ते मधल्या चौकशीमुळे. लाकूड तेच होते.

उलट, दाखला नसला की त्याची जागा आख्यायिका घेते. ध्यानचंदांच्या स्टिकेत लोहचुंबक आहे की काय म्हणून हॉलंडमध्ये ती फोडून पाहिली, ही गोष्ट हॉकीचा गंध नसलेल्या माणसालाही ठाऊक असते. बर्लिनला १५ ऑगस्ट १९३६ रोजी भारताने जर्मनीला ८-१ ने हरवले, हे मात्र त्यातल्या थोड्यांनाच सांगता येते. गोष्ट गोड आहे. पण गोष्टीवर स्टिक ओळखता येत नाही.

अकोल्याची एक स्टिक

माझ्या संग्रहातली मला सर्वांत मोलाची वाटणारी स्टिक अकोल्याची आहे. रेल्वेच्या संघातून खेळलेले एक फुलबॅक निवृत्तीनंतर तिथे राहत. त्यांचे नाव देण्याची घरच्यांची इच्छा नाही, म्हणून देत नाही. त्यांच्या घरी स्टिक होती ती वानरे हाकलायला. काकूंनी ती गच्चीच्या दाराला लावून ठेवली होती. सपाट बाजूचे खळगे, सरसाचा सांधा, कड्यातून सहज गेलेला दांडा, सगळे जुळत होते. सोबत एका अंतिम सामन्याचे संघाचे छायाचित्र होते. त्यात त्यांच्या हातात हीच स्टिक, वाकाजवळच्या तिरप्या चिरेसकट. एवढा पुरावा कुठल्याही लिलावगृहाला पुरला असता.

मी वही काढली तेव्हा काका म्हणाले, "थांबा भाऊ. हे स्टिक मायी नाही."

मग त्यांनी सांगितले. उपांत्य सामन्यात त्यांची स्वतःची स्टिक मोडली. दुसरी विकत घ्यायला पैसे नव्हते. संघातला लेफ्ट हाफ आजारी पडून बाहेर बसला होता, त्याने आपली काढून दिली. अंतिम सामना ते तिच्यावर खेळले. परत द्यायला गेले तर तो म्हणाला, "राहू दे, जिंकलेली हाय." काही वर्षांतच तो वारला. त्याचे नाव कुठल्याही चषकावर नाही, अंतिम सामन्याच्या छायाचित्रातही नाही.

"तुम्ही न सांगता तर मला कळलं नसतं," मी म्हणालो.

"म्हणूनच सांगतलं," काका म्हणाले. "त्याचं नाव आधी लिवा. मंग मायं."

माझ्या नोंदवहीत त्या स्टिकेसमोर तसेच लिहिले आहे. आधी मालक, मग खेळणारा. झीज, सांधा, छायाचित्र या सगळ्यांनी मला खेळणारा खात्रीने सांगितला होता. मालक कोण, हे मात्र एका जिवंत माणसाकडेच होते. तेव्हापासून मी आधी माणसाशी बोलतो आणि स्टिक नंतर हातात घेतो. बोलणे त्यांच्या शब्दांत लिहून घेतो, वाचून दाखवतो आणि खाली त्यांची सही किंवा अंगठा घेतो.

मागण्याचेही काही रिवाज मी पाळतो. घरातल्या मुला-नातवंडांना स्टिक ठेवायची असेल तर ती तिथेच राहू देतो, फक्त नोंद आणि छायाचित्र घेतो. घरात दुखणे-खुपणे चालू असताना किंमत बोलत नाही, कारण अडलेल्या माणसाकडून घेतलेली वस्तू ही खरेदी नसते. खाशाबा जाधवांच्या कुटुंबीयांवर २०१७ मध्ये, गोळेश्वरला कुस्ती अकादमी होत नाही म्हणून, ऑलिंपिकचे पदक लिलावात काढण्याची भाषा करायची वेळ आली. स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणाऱ्याच्या घरची ही स्थिती. खेळाडूंच्या वस्तूंना हात लावताना हे विसरून चालत नाही.

तुमच्या घरी एखादी असेल तर

मुंबईच्या लिओ पिंटो, मॅक्सी वाझ, वॉल्टर डिसूझा यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताची जर्सी घातली. मर्विन फर्नांडिस आणि एम. एम. सोमय्या १९८० च्या मॉस्कोच्या सुवर्णविजेत्या संघात होते. पण त्यांच्यासोबत आणि त्यांच्याविरुद्ध स्थानिक स्पर्धांत खेळलेली शेकडो माणसे पुणे, मुंबई, नागपूर, भुसावळ, अकोल्याच्या वस्त्यांत राहिली. त्यांच्या स्टिका अजून कुठे ना कुठे आहेत. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर एखादी असेल तर एवढे करावे.

ती पुसू नये, पॉलिश करू नये, वॉर्निश तर मुळीच लावू नये. मळ, घाम आणि रंगाचे पापुद्रे हाच तिचा पुरावा आहे. मुठीचे जुने वेष्टन सुटत असेल तर ते न कापता वरून सुती पट्टी सैल बांधावी. रबर चिकट झाले असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालू नये, जुन्या सुती धोतराच्या किंवा चादरीच्या कापडात गुंडाळावी. भिंतीला टेकवून उभी ठेवली तर दांडा वाकतो, म्हणून आडवी ठेवावी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या स्टिकेचा सांधा सुटतो आणि पावसाळ्यात तिला कीड लागते. वर्षातून दोनदा बाहेर काढून बारीक भोके आणि पिठासारखा भुसा दिसतो का ते पाहावे.

आणि एका कागदावर लिहावे. ही कुणाची, त्यांच्याकडे कुठून आली, ते कोणत्या संघातून कोणत्या जागी खेळत, ती शेवटची कधी वापरली, तुमच्याकडे कशी आली. माहीत असेल तेवढेच लिहावे, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून लिहावे. तारीख आणि सही करून तो कागद स्टिकेबरोबरच ठेवावा. आणि खेळणारे घरात अजून असतील, तर हा अंक बाजूला ठेवून त्यांना आजच विचारावे.